सागरी जलजीवालय, घरगुती : सहवासी प्राण्यांची निवड

खाऱ्या पाण्याच्या टाकीत एकमेकांना खाणार नाहीत, हुसकावणार नाहीत आणि एकमेकांच्या तोंडचा घास पळवणार नाहीत असे मासे व अपृष्ठवंशी प्राणी निवडून एकत्र ठेवण्याची पद्धत. छंदिष्टांत व व्यापारात यासाठी ‘कंपॅटिबिलिटी’ हाच शब्द चालतो. या नोंदीत सहवासयोग्यता हा शब्द वापरला आहे. गोड्या पाण्याच्या टाकीपेक्षा येथे प्रश्न अवघड होतो. गप्पी, मोली, एंजल हे मासे पिढ्यानपिढ्या टाकीतच पैदास झालेले असतात. सागरी टाकीतील बहुसंख्य मासे अद्याप प्रवाळखडकांवरून पकडून आणलेले असतात आणि खडकावरच्या सवयी घेऊनच ते घरात येतात. जातींच्या नावांपुढे हिरव्या, पिवळ्या, लाल चौकटी असलेले तक्ते दुकानांतून मिळतात. ते उपयोगी असले, तरी दोन जातींचे जमणे हे जातींइतकेच टाकीची लांबी, प्राणी सोडण्याचा क्रम, त्यांचे वय व लिंग यांवर अवलंबून असल्याने तक्त्यातील हिरवी चौकट हा केवळ अंदाज समजावा.

इतिहास : सागरी प्राणी काचेच्या टाकीत जिवंत ठेवण्याचा पहिला मान कोणाचा, याविषयी एकमत नाही. झान व्हिलप्र-पॉवर या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ स्त्रीने सिसिलीतील मेसिना येथे १८३२ च्या सुमारास आर्गोनॉट या अष्टभुज प्राण्याच्या अभ्यासासाठी काचेच्या टाक्या वापरल्या. ॲना थिन यांनी १८४६ च्या सुमारास इंग्लंडच्या किनाऱ्यावरील प्रवाळ लंडनमध्ये आणून जगवले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते पाणी हातांनी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतले जाई. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० च्या सुमारास वनस्पती व प्राणी यांच्यातील वायूंची देवाणघेवाण शास्त्रीय पद्धतीने मांडली, तर फिलिप हेन्री गॉस यांच्यामुळे १८५४ पासून ‘ॲक्वेरियम’ हा शब्द रूढ झाला. वाद मुख्यतः व्याख्येचा आहे. निरीक्षणाचे भांडे एवढाच अर्थ घेतला, तर मान पॉवर यांच्याकडे जातो. आतल्या जीवांनीच एकमेकांना तगवणारी व्यवस्था असा अर्थ घेतला, तर थिन व वॉरिंग्टन यांची नावे पुढे येतात. प्रस्तुत विषयाला दुसरा अर्थ अधिक जवळचा आहे, कारण त्या काळी जुळणी पाहिली जाई ती शैवाल आणि प्राणी यांची. प्राण्यांच्या आपसांतील जुळणीचा विचार बराच नंतरचा.

उष्ण कटिबंधातील रंगीत मासे विमानाने दूरवर जाऊ लागल्यावर, म्हणजे साधारणपणे दुसऱ्या महायुद्धानंतर, हा विचार छंदात शिरला. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये जिवंत खडकाचा (छंदिष्टांच्या भाषेत लाइव्ह रॉकचा) उपयोग प्रसिद्ध केला. जीवाणू, शैवाल व बारीक प्राणी वस्तीला असलेला हा सच्छिद्र खडक पाणी शुद्ध ठेवतो आणि माशांना कपारीही पुरवतो. कपारींची संख्या हा सहवासयोग्यतेतील मोठा घटक असल्याने या शोधाचे महत्त्व गाळणीपुरते मर्यादित नाही.

पाणी : प्रवाळखडकावरील प्राण्यांना विशिष्ट गुरुत्व १·०२३ ते १·०२६, तापमान २४° ते २७° से. आणि पीएच ८·१ ते ८·४ मानवते. नव्या टाकीत अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करणाऱ्या जीवाणूंची वस्ती बसण्यास सहसा चार ते सहा आठवडे लागतात. पीएच जितका जास्त तितका अमोनिया अधिक विषारी होत असल्याने सागरी टाकीत ही घाई गोड्या पाण्यातल्यापेक्षा महाग पडते. नळाचे पाणी आरओतून काढून त्यात तयार मीठमिश्रण विरघळवणे ही सर्वसाधारण रीत आहे. कोकण किनाऱ्यावरून आणलेले समुद्राचे पाणी पावसाळ्यात गढूळ व कमी खारे असते.

भक्ष्य आणि भक्षक : तोंडात मावेल ते अन्न, हा नियम लायनफिश, ग्रूपर व अँगलर यांना तंतोतंत लागू पडतो. लायनफिश इतरांशी भांडत नाही. संथपणे पोहता पोहता टाकीतील छोटे मासे रात्रीतून नाहीसे करतो. म्हणून काही तक्ते त्याला ‘शांत’ म्हणतात ते दिशाभूल करणारे आहे. ट्रिगरफिश व फुगे मासे यांचे जबडे कोळंबी, खेकडे, शंख आणि सागरी अर्चिन फोडण्यासाठीच घडलेले आहेत. त्यांच्याबरोबर अपृष्ठवंशी प्राणी ठेवता येत नाहीत, असेच धरून चालावे. हॉकफिश दिसायला लहान असला, तरी लहान कोळंब्या टिपतो. फुलपाखरू माशांपैकी काही जाती केवळ प्रवाळाचे पॉलिप (प्रवाळ ज्यांचा बनलेला असतो ते बारीक जीव) खाऊन जगतात. त्यांचे कोणाशी पटते हा प्रश्नच येत नाही, कारण घरगुती टाकीत त्या बहुधा उपासमारीने मरतात. मँडरिन माशाचेही तसेच आहे. तो अतिशय निरुपद्रवी. पण कोपेपॉडसारखे बारीक कवचधारी जीव दिवसभर टिपत हिंडणारा असल्याने चपळ रॅस माशांबरोबर ठेवल्यास त्याच्या वाट्याला काही उरत नाही.

प्रादेशिकता : सारख्या रंगाचे व सारख्या ठेवणीचे मासे एका टाकीत भांडतात, हा अनुभव जुना आहे. त्याचे सर्वांत गाजलेले स्पष्टीकरण प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्ट्स यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी दिले. प्रवाळमाशांचे भित्तिपत्रकासारखे भडक रंग म्हणजे स्वजातीयाला दुरूनच दिलेली ताकीद होय. अन्नाचे क्षेत्र स्वजातीयांत वाटले जावे म्हणून हे वैर उत्क्रांत झाले, आणि परजातीयाचे अन्न वेगळे असल्याने त्याच्याकडे दुर्लक्ष होते, असे त्यांचे म्हणणे. ‘एका रंगाचा एकच मासा’ हा छंदिष्टांचा नियम या मताशी इतका जुळला, की तो अजून उद्धृत होतो. लोरेन्ट्स यांचा आधार मात्र बव्हंशी टाकीतील निरीक्षणांचा होता. पुढे पाण्याखाली बुडी मारून पाहणाऱ्या अभ्यासकांना भडक रंगाचे फुलपाखरू मासे जोडीने शांतपणे चरताना दिसले, तर मळकट तपकिरी डॅमसेल मासे कमालीचे भांडखोर आढळले. रंग आणि वैर यांची सांगड त्यामुळे सैल झाली.

आर्थर मायरबर्ग व रॉनल्ड थ्रेशर यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे अधिक ग्राह्य वाटतो. अटलांटिकमधील त्रिबिंदू डॅमसेल या शैवालभक्षी माशाच्या क्षेत्राकडे वेगवेगळ्या जातींचे मासे नेल्यावर तो कोणावर किती अंतरावरून धावून जातो, हे त्यांनी मोजले. स्वजातीयावर तो सर्वांत दूरून धावे, इतर जातींवर त्याहून जवळून, आणि हे अंतर जातीगणिक बदले. म्हणजे त्याच्या क्षेत्राला एकच कुंपण नसते. पाहुणा बदलला की कुंपणाची जागा बदलते. टाकीच्या संदर्भात याचा अर्थ सरळ आहे. समुद्रात हरलेला मासा कुंपणाबाहेर निघून जातो आणि भांडण दोन क्षणांत संपते. चार फुटी टाकी मात्र एका डॅमसेलच्या स्वजातीयविरोधी कुंपणात पूर्णपणे बसू शकते, मग पळणाऱ्याने पळायचे कोठे? दोन जातींचे वैर म्हणून तक्त्यात जे नोंदले जाते, ते पुष्कळदा जागेच्या टंचाईचे मोजमाप असते.

यातून निघालेल्या व्यवहारी रीती सर्वज्ञात आहेत : भित्रे मासे आधी व भांडखोर शेवटी सोडणे, सेंट्रोपिगी या प्रजातीतील बुटका एंजल किंवा झेब्रासोमा प्रजातीतील टँग मासा टाकीत एकेकटाच ठेवणे, नवा मासा सोडताना खडकांची मांडणी बदलून जुन्यांच्या हद्दी पुसणे, त्याला काही दिवस पारदर्शक पेटीत ठेवून इतरांच्या नजरेस सवय लावणे. दुकानदार नवशिक्याला पहिला मासा म्हणून डॅमसेल देतो, कारण तो चिवट आणि स्वस्त असतो. सहवासाच्या दृष्टीने हा सल्ला उफराटा आहे. महिन्याभरात टाकीची मालकी त्याच्याकडे जाते आणि मागून आलेल्या प्रत्येकाला ती भोगावी लागते.

क्लाउनफिश आणि समुद्रपुष्प : क्लाउनफिश (विदूषक मासा) व समुद्रपुष्प (सी ॲनिमोनी, फुलासारखा दिसणारा दंश करणारा प्राणी) ही घरगुती टाकीतील सर्वांत मागणी असलेली जोडी. तिची पहिली शास्त्रीय नोंद सामान्यतः कथबर्ट कॉलिंगवुड यांच्या १८६८ च्या टिपणाकडे नेली जाते. चिनी समुद्रातील प्रचंड समुद्रपुष्पांत त्यांना मासे राहताना आढळले होते. समुद्रपुष्पाच्या दंशकोशिका इतर माशांना लुळे करतात, मग याला का नाही, हा वाद शतकभराहून अधिक काळ चालू आहे. डेव्हनपोर्ट व नॉरिस यांनी १९५८ मध्ये माशाच्या अंगावरील श्लेष्म्याकडे (बुळबुळीत स्रावाकडे) लक्ष वेधले. त्यानंतर दोन तट पडले. श्लिख्टर यांच्या मते मासा समुद्रपुष्पाला अंग घासून त्याचाच श्लेष्मा पांघरतो, आणि समुद्रपुष्प त्याला स्वतःचा भाग समजते. लबक यांनी १९८० मध्ये माशाचा स्वतःचा श्लेष्माच जाड व दंशकोशिकांना न चेतवणारा असल्याचे मांडले. ब्रुक्स व मॅरिस्कल यांनी १९८४ मध्ये रबरी पट्ट्यांच्या खोट्या समुद्रपुष्पात काही काळ राहिलेले मासे खऱ्या समुद्रपुष्पाला लवकर सरावतात असे दाखवले. रबराला श्लेष्मा नसतो. तेव्हा सरावाचा निदान काही भाग माशाच्या शरीरातच घडत असावा. दंशकोशिकांना चेतवणाऱ्या सायलिक आम्लाचे प्रमाण क्लाउनफिशच्या श्लेष्म्यात अत्यल्प असते, असे अलीकडील विश्लेषणांत आढळले असून त्यामुळे लबक यांच्या बाजूचे पारडे जड झाले आहे. सर्व जातींना एकच स्पष्टीकरण लागू पडेल असे मात्र दिसत नाही.

यजमान म्हणून समुद्रपुष्पांच्या सुमारे दहा जाती परंपरेने मान्य आहेत. क्लार्की क्लाउनफिश त्या साऱ्यांत राहतो, तर मरून क्लाउनफिश केवळ बबल-टिप जातीत. ऑसेलॅरिस क्लाउनफिश निसर्गात बबल-टिपमध्ये राहत नाही, पण टाकीत ते स्वीकारतो. टाकी म्हणजे समुद्र नव्हे याचे हे एक सुखद उदाहरण. क्लाउनफिश आधी नर असतात आणि समूहातील सर्वांत मोठा मासा मादी होतो. म्हणून दोन लहान पिले आणली की जोडी आपोआप जमते, दोन प्रौढ माद्या आणल्या तर एकच उरते. समुद्रपुष्पाला मात्र क्लाउनफिशवाचून काही अडत नाही. त्याला लागतो तीव्र प्रकाश, कारण त्याच्या ऊतींत शैवाले असतात. जागा न मानवल्यास ते चालू लागते, वाटेतल्या प्रवाळांना भाजते, पंपाच्या जाळीत ओढले जाऊन चिंधड्या होते आणि साऱ्या टाकीचे पाणी नासवते. संथ मासेही त्याच्या तावडीत सापडतात.

इतर अपृष्ठवंशी : स्वच्छक कोळंबी (लिस्माटा अँबॉइनेन्सिस) समूहात राहते, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची बॉक्सर कोळंबी मात्र जोडीखेरीज दुसरीला जगू देत नाही. पिस्तूल कोळंबी व गोबी यांची भागीदारी टाकीतही टिकते : अंधुक नजरेची कोळंबी बीळ खणते, गोबी पहारा देतो. हार्लेक्विन कोळंबी फक्त तारामासे खाते, तेव्हा तिला पाळणाऱ्याने तारामासे पुरवत राहण्याची तयारी ठेवावी. हर्मिट खेकडे शैवाल खातात, पण मोठा शंख हवासा वाटला की आतल्या गोगलगाईला मारतात; रिकामे शंख टाकून ठेवणे हा त्यावरचा उतारा. जिवंत खडकातून मँटिस श्रिंप हा शिकारी कवचधारी प्राणी न बोलावता येतो आणि मग एकेक कोळंबी कमी होऊ लागते.

तांबे हा वेगळाच अडथळा. माशांवरील पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर (क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या परजीवीमुळे होणारा) तांब्याची संयुगे गुणकारी आहेत. पण माशांना सोसणारी त्यांची मात्रा बहुतेक अपृष्ठवंशीयांचा जीव घेते. मिश्र टाकीत हे औषध वापरता येत नाही, म्हणून नवे मासे आधी वेगळ्या टाकीत ठेवणे भाग पडते.

भारतातील स्थिती : परदेशी तक्त्यांचा बराच भाग येथे गैरलागू ठरतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या अनुसूचींत २००१ मध्ये खडक बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, सागरी काकड्या, घोडामासे आणि काही महाकाय शिंपले समाविष्ट झाले. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत, पण ते उचलणे हा गुन्हा आहे. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयामुळे सागरी माशांची ओळख मराठी घरांना पुष्कळ आधी झाली. घरगुती सागरी टाक्या वाढल्या त्या मात्र अलीकडे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम येथील केंद्रात क्लाउनफिशच्या अनेक जातींची कृत्रिम पैदास झाली असून महाराष्ट्राच्या कांदळवन विभागानेही नवी मुंबईत ऐरोली येथे शोभेच्या सागरी माशांचे उबवणी केंद्र चालवले आहे. पैदाशीतले क्लाउनफिश कोरडे खाद्य लगेच घेतात आणि समुद्रातून धरलेल्यांपेक्षा टाकीत अधिक टिकतात. समुद्रपुष्प कधीच न पाहिल्याने ते शेजारी असूनही त्यांतले काही आठवडेच्या आठवडे त्याच्याकडे फिरकत नाहीत.