दार्बूसिये साखर कारखाना

दार्बूसिये : कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप या फ्रेंच बेटांवरील बंद पडलेला साखर कारखाना व त्याच्या जागी उभे राहिलेले स्मृतिसंग्रहालय. प्वांत-आ-पित्र या बंदराच्या शहरात, कारेनाज या जुन्या कामगार वस्तीला लागून, समुद्रकाठी ही जागा आहे. कारखाना १९८० मध्ये बंद झाला. २०१५ पासून येथे ‘मेमोरियाल आक्त’ हे गुलामगिरी व गुलामांचा व्यापार यांच्या स्मृतीचे केंद्र आहे.

नाव व स्थापना : जागेचे नाव अठराव्या शतकातील झां दार्बूसिये या व्यापाऱ्यावरून पडले असे मानतात. स्थापनेचे साल काही ठिकाणी १८६७, तर काही ठिकाणी १८६९ असे दिलेले आढळते. पहिले उभारणीचे आणि दुसरे उद्‌घाटनाचे धरल्यास दोन्हींचा मेळ बसतो, आणि तसे धरणेच सयुक्तिक वाटते. संस्थापक दोघे : ग्वादलूपमधील साखर-उद्योजक एर्नेस्त सूक (१८३१–१९०८) आणि पॅरिसचा यंत्रनिर्माता झां-फ्रांस्वा कैल (१८०४–७१).

मध्यवर्ती कारखाना व बाष्पीभवनाचा वाद : दार्बूसिये हा अनेक मळ्यांचा ऊस एकाच ठिकाणी गाळणारा मध्यवर्ती कारखाना होता. त्याचे महत्त्व समजण्यासाठी त्याआधीची पद्धत पाहावी लागते. तोवर प्रत्येक मळ्यावर स्वतःचा चरक आणि स्वतःचे चुलाण असे. आपल्याकडच्या गुऱ्हाळात बहुधा एका मोठ्या काहिलीत रस आटतो. अँटिलीझ या कॅरिबियन बेटांवर मात्र एका रांगेत चार-पाच उघड्या कढया उतरत्या आकाराने बसवलेल्या असत. लांब दांड्याच्या पळ्यांनी रस मोठ्या कढईतून धाकटीत ओतत नेत. शेवटची, सर्वांत लहान कढई म्हणजे ‘बात्री’. तिच्याखाली जाळ सर्वांत प्रखर असे, आणि रात्रंदिवस चालणाऱ्या गाळपात तिच्याशी उभ्या राहणाऱ्या गुलामाला भाजण्याचे भय सतत असे. उघड्या आचेवर रस करपे, साखर काळपट होई आणि बरीचशी मळीत जाई.

इंग्लंडमध्ये एडवर्ड हॉवर्डने १८१२-१३ च्या सुमारास निर्वात कढई काढली. हवेचा दाब कमी केला की रस कमी उष्णतेवर उकळतो, त्यामुळे तो करपत नाही. पुढची पायरी बहुस्तरीय बाष्पीभवनाची. पहिल्या भांड्यातील रसाची वाफ वाया न घालवता तिनेच दुसऱ्या भांड्यातील रस तापवायचा आणि दुसऱ्याच्या वाफेने तिसऱ्यातील. प्रत्येक भांड्यातील दाब आधीच्यापेक्षा कमी ठेवायचा. तीन भांडी जोडली की एका भार वाफेत सुमारे तीन भार पाणी उडते आणि जळण म्हणून चिपाड बरेच पुरते.

या कल्पनेचे श्रेय कोणाचे, यावर एकमत नाही. फ्रेंच लेखन देरोन आणि कैल यांच्या यंत्रनिर्मिती संस्थेला, तसेच तिने वापरलेल्या देग्रां याच्या संघनकाला (वाफ थंड करून तिचे पाणी करणाऱ्या उपकरणाला) झुकते माप देते. अमेरिकी लेखन नॉर्बर्ट रिल्यू (१८०६–९४) याचे नाव घेते. हा न्यू ऑर्लीन्सचा स्वतंत्र मिश्रवर्णीय अभियंता. त्याचे शिक्षण पॅरिसला झाले आणि १८४३ व १८४६ मध्ये त्याने अमेरिकेत एकस्वे (पेटंट) मिळवली. देग्रां-देरोन यंत्रणेत वाफेची उष्णता काही अंशी पुन्हा वापरली जाई, हे खरे. परंतु दाब टप्प्याटप्प्याने उतरवत निर्वात भांड्यांची साखळी व्यवहारात यशस्वी करून दाखवली ती रिल्यूने, आणि म्हणून त्याच्याकडे कल असणारे मत अधिक ग्राह्य आहे. गुलामांच्या श्रमावर उभ्या राहिलेल्या धंद्याचे यंत्रशास्त्र एका कृष्णवंशीय अभियंत्याने पालटले, ही गोष्ट येथे नोंदवायलाच हवी.

ऊस पिकवणे वेगळे आणि साखर करणे वेगळे, हा विचार १८४० च्या सुमारास मांडला जात होता. ८ फेब्रुवारी १८४३ च्या भूकंपाने प्वांत-आ-पित्र उद्‌ध्वस्त झाले, अनेक मळ्यांचे चरक मोडले आणि मध्यवर्ती कारखान्यांना वाट मिळाली.

कामगार : फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी १८४८ मध्ये संपली. त्यानंतर मळ्यांसाठी करारबद्ध भारतीय मजूर आणले गेले. ‘ओरेली’ हे त्यांचे पहिले जहाज डिसेंबर १८५४ मध्ये येथे लागले. १८८९ पर्यंत सुमारे ४२,००० लोक आले. त्यांतील बरेचसे पाँडिचेरी व कारिकलमार्गे आलेले तमिळ होते, काही कलकत्त्याहून आले. त्यांच्या वंशजांना नागरिकत्वाचे हक्क मिळावेत म्हणून ग्वादलूपमधील भारतीय वंशाचे आंरी सिदाम्बारोम यांनी १९०४ पासून जवळजवळ दोन दशके न्यायालयीन लढा दिला.

ऱ्हास : बीटच्या साखरेमुळे १८८४ च्या सुमारास भाव कोसळले आणि सूकचा व्यवसाय कर्जात बुडत गेला. विसाव्या शतकात कारखाना एका कंपनीच्या ताब्यात राहिला.

रूपांतर : स्मारकाची कल्पना १९९८ मध्ये कृष्णवर्णीयांच्या एका स्थानिक संघटनेने मांडली, २००४ मध्ये व्हिक्तोरँ ल्यूरेल यांच्या अध्यक्षतेखालील प्रादेशिक परिषदेने ती हाती घेतली. १० मे २०१५ रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष फ्रांस्वा ओलांद यांनी उद्‌घाटन केले. खर्च सुमारे ८.३ कोटी युरो. काळ्या दगडी पेटीसारख्या इमारतीवर रुपेरी जाळी चढवली आहे. पडक्या भिंतींना कवटाळून वाढणाऱ्या वडवर्गीय झाडाच्या मुळ्यांवरून ती सुचली. काळ्या भिंतीतील गारगोटीचे चमकते कण म्हणजे व्यापारात बळी पडलेले असंख्य जीव, असा वास्तुकारांचा संकेत आहे. पादचारी पुलाने इमारत ‘मोर्न मेम्वार’ या टेकडीवरील बागेशी जोडली आहे. २०१७ मध्ये युरोप परिषदेचा संग्रहालय पुरस्कार मिळाला. स्मारकावर खर्चलेला पैसा पाणीपुरवठ्यासारख्या निकडीच्या कामांवर लावायला हवा होता, असा आक्षेप बेटावरच्या काही संघटनांनी घेतला, आणि नळाला दिवसचे दिवस पाणी न येणाऱ्या बेटावर तो गैर म्हणता येत नाही.

एक भेद पर्यटनविषयक लेखनात हटकून पुसला जातो. दार्बूसियेचा कारखाना गुलामगिरी संपल्यानंतर सुमारे वीस वर्षांनी उभा राहिला. चिमणीखाली राबले ते मुक्त झालेल्या गुलामांचे वंशज आणि इतर मजुरीचे कामगार. त्यांचे संप, त्यांचे दारिद्र्य हा वेगळा इतिहास आहे. साखर कामगारांच्या आंदोलनात १४ फेब्रुवारी १९५२ रोजी ग्वादलूपमधील ल मूल येथे गोळीबारात चार जण मारले गेले, तो याच इतिहासाचा भाग होय. गुलामगिरीच्या स्मारकासाठी ही जागा उचितच आहे. मात्र त्या भव्य काळ्या पेटीत कारखान्याची स्वतःची कहाणी दबते.

इतर उदाहरणे : ग्वादलूपमध्येच पोर-लुई येथील बोपोर कारखाना १९९० मध्ये बंद पडला, तेथे पुढे ऊसविषयक पर्यटन केंद्र झाले आणि उसाची छोटी रेल्वे प्रवाशांना फिरवू लागली. सेंट किट्स बेटावर १९१२–२६ दरम्यान बांधलेल्या ऊस-रेल्वेवर २००३ पासून पर्यटक गाडी धावते; साखर उद्योग मात्र २००५ मध्ये थांबला. कॅरिबियनबाहेर मॉरिशसमध्ये बो प्लान येथील कारखाना १९९९ मध्ये बंद होऊन २००२ मध्ये संग्रहालय झाला. तेथे चरक व बाष्पपात्रे जागच्या जागी ठेवली आहेत. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत राबलेल्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरीकडचे मराठी मजूरही होते.