खरा फोटो की छापील? ऑपेरा गायकांची जुनी पोस्टकार्डं

माझ्याकडे जेराल्डिन फरारची दोन पोस्टकार्डं आहेत. लांबून पाहिली तर जुळी वाटावीत: तोच तपकिरी रंग, हनुवटीला टेकवलेला तोच हात, साधारण ९ बाय १४ सेंटिमीटरचा तोच आकार. ही अमेरिकन गायिका १९०१ साली बर्लिनच्या राजेशाही ऑपेरात ‘फाउस्ट’मधली मार्गरीट म्हणून उभी राहिली आणि तिथे लाडकी झाली, त्या काळातली ही कार्डं. एक खरा फोटो, दुसरं छापील. दुसरं मी ‘अस्सल फोटो’ समजून विकत घेतलं होतं. पाकीट फोडलं, भिंग लावलं आणि कपाळावर हात मारला.

दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. गालावरून सावली मानेकडे उतरते, नेमकं तिथे बघायचं. छापील कार्डावर तिथे ठिपक्यांची जाळी दिसते. उजेडात ठिपके बारीक, सावलीत एकमेकांना चिकटलेले. जुन्या वर्तमानपत्रातल्या फोटोत दिसायचे तसेच. छापखान्याच्या शाईला करडी छटा जमत नाही, ती कागदावर एक तर उमटते किंवा उमटत नाही. म्हणून हाफटोन ब्लॉक, म्हणजे फोटो छापायचा ठसा, करताना ठिपके लहानमोठे ठेवून डोळ्याला चकवायचं. खऱ्या फोटोत शाईच नसते. चांदीचे क्षार लावलेल्या कागदावर निगेटिव्हमधून उजेड पाडलेला असतो, त्यामुळे सावली सलग विरघळत जाते. कार्ड तिरकं धरा: जुन्या ब्रोमाइडवर, म्हणजे अशाच चांदीच्या क्षारांच्या कागदावर, कडेच्या काळ्या भागात निळसर, आरशासारखी झाक चमकते. ही वर आलेली चांदी. छापील कार्डाला ती येत नाही.

पण ठिपके नाहीत म्हणजे फोटोच, असं मानू नका. कोलोटाइप नावाच्या छपाईत जाळी नसते; भिंगाखाली आखूड, वळवळत्या रेषांचं दाणेदार पोत दिसतं. भलेभले इथे फसतात. रंगावरही जाऊ नका. खऱ्या फोटोवर गुलाबी गाल आणि निळा झगा हाताने रंगवायची पद्धत होती. मागच्या बाजूला मधोमध रेघ असेल तर तिच्यावरून काळ कळतो (पत्त्याच्या बाजूलाच मजकूर लिहायची मुभा ब्रिटनमध्ये १९०२ला, जर्मनीत १९०५ला, अमेरिकेत १९०७ला मिळाली), कार्ड कसं तयार झालं ते नाही.

विक्रेते ‘खरा फोटो’ असं म्हणताना आवाज खाली आणतात, जणू जगात तेवढं एकच आहे. तेव्हा बर्लिनबाहेर असलेल्या श्टेग्लिट्झमध्ये नॉये फोटोग्राफिशे गेझेलशाफ्ट ही कंपनी ब्रोमाइड कागदाची लांबच लांब गुंडाळी यंत्रातून सोडून एकापाठोपाठ एक फोटोच्या प्रती काढायची. जर्मनीत त्याला ‘किलोमीटर फोटोग्राफी’ म्हणायचे. लंडनच्या रोटरी कंपनीची कार्डंही अशीच ढिगाने निघाली. फोटो खरा असला, तरी हजारांतला एक असू शकतो. किंमत ठरते ती गायक कोण, वेश कुठल्या भूमिकेचा आणि कार्ड किती जपलंय यावर.

आणि सहीवर! सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात, कारण सहीसुद्धा फोटोचाच भाग असू शकते. निगेटिव्हवर काळ्या शाईने लिहिलं की ती जागा उजेड अडवते आणि कागदावर अक्षरं पांढरी उमटतात. काळ्या झग्यावरची पांढरी सही दिसली की मी आधी हाच संशय घेतो. हाताने केलेली सही चकचकीत थराच्या वर बसते. कार्ड तिरकं केलं की शाईची चमक वेगळी पडते, दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे शाई गडद होते, कधी टाकाच्या टोकाची चरी दिसते. फोटोतल्या सहीवरून बोट फिरवा, काही लागत नाही. एकाच कार्डाच्या दोन प्रतींवर सही तंतोतंत त्याच जागी, त्याच वळणाची दिसली, तर भिंगाचीही गरज नाही.