उरण येथील हिवाळी पक्षिनिरीक्षण

मुंबई बंदराच्या पूर्वेला, रायगड जिल्ह्यातील उरण शहराभोवतीच्या पाणथळींत ऑक्टोबर ते मार्च या काळात चालणारे पक्षिनिरीक्षण. पाणजे, भेंडखळ, बेलपाडा ही त्याची प्रमुख ठिकाणे. मिठागरे, तिवरे, खारजमिनी आणि बांधांमागे साचलेले उथळ पाणी इथे एकमेकांना लागून असल्यामुळे एका सकाळीत बदके, कुरव (सीगल), चिखलपक्षी आणि शिकारी पक्षी असे सगळेच दिसू शकतात.

इथे घड्याळाआधी तिथी पाहावी लागते. ओहोटीला पक्षी खाडीच्या चिखलात दूरवर पांगून किडे, शिंपले, खेकडे टिपत असतात. दुर्बिणीतूनही ते ठिपक्यांएवढेच दिसतात. भरतीने चिखल झाकला की ते थव्याथव्याने आतल्या पाणथळींवर विसाव्याला येतात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पूर्ण भरती दुपारी बाराच्या सुमारास येते आणि पुढे रोज सुमारे ५० मिनिटांनी सरकते. त्यामुळे उधाणाच्या दिवसांत नऊ-दहालाच बांधावर बसावे. अष्टमीच्या आसपास मात्र दुपारी ओहोटी असते. तेव्हा पहाट गाठलेली बरी.

थव्यात सर्वांत लहान असतो तो छोटा टिलवा. जेमतेम ३० ग्रॅमचा हा जीव उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रातून इथवर येतो. उचाट्याची चोच टोकाला वर वळलेली. पाण्यात उभा राहून तो ती डावीउजवीकडे फिरवत खाद्य चाळतो. कोरलची चोच खाली वाकलेली, आणि मादीची नरापेक्षा लांब. याशिवाय मालगुजा हा लांब चोचीचा चिखलपक्षी, शेकाट्या, थापट्या, तलवार बदक, तपकिरी डोक्याचा कुरव हे नेहमीचे. रोहित पक्षी मे महिन्यापर्यंतही रेंगाळतात. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यावरून नुसता तरंगत गेला, तरी बसलेला अख्खा थवा उठतो. एप्रिलकडे मालगुजांच्या मानेवर विटकरी रंग चढू लागतो. परतीच्या प्रवासाची ही खूण नवशिक्यांनी आवर्जून पाहावी.

१९८९ मध्ये न्हावाशेव्याचे बंदर सुरू झाले. तेव्हापासून भराव, रस्ते आणि गोदामांखाली इथली बरीच खाजणे गेली. सुमारे २८९ हेक्टरच्या पाणजे पाणथळीचा प्रश्न सर्वांत तीव्र आहे. भरतीचे पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या की ती कोरडी पडते, आणि मग पक्ष्यांना भरतीच्या वेळी टेकायला जागा उरत नाही. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ अशी मान्यता, मिळाला, तसे संरक्षण उरणच्या पाणथळींना नाही. खाडीच्या दोन्ही अंगांना वावरणारे पक्षी तेच असल्यामुळे ही मोठीच उणीव आहे.

मुंबईतील भाऊच्या धक्क्यावरून उरणजवळच्या मोरा बंदराला लाँच जाते. जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकलही धावते. लाँचमागे येणाऱ्या कुरवांना फरसाण टाकू नये. पाणथळीवर बांध सोडून चिखलात उतरू नये आणि ड्रोन तर मुळीच उडवू नये. विसावलेला थवा पुन्हा पुन्हा उठला, तर परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी इथेच खर्ची पडते.