मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना आणि स्काल्प ब्लॉक : पार्श्वभूमी

कवटी उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर फारसे दुखत नाही, हा समज १९९०च्या दशकापर्यंत घट्ट रुजलेला होता. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात मात्र ६० टक्के रुग्णांना वेदना झाल्याचे आणि त्यांपैकी दोन-तृतीयांश रुग्णांची वेदना मध्यम ते तीव्र असल्याचे आढळले. तोवर मॉर्फिन हे तीव्र वेदनाशामक हात राखूनच दिले जाई, कारण त्याने श्वास मंदावला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढून कवटीतील दाब चढतो आणि रुग्ण गुंगीत असेल तर आतला रक्तस्राव लवकर ध्यानात येत नाही. भीती रास्त होती. सोसावे मात्र रुग्णाला लागले.

डोक्याची कातडी बधिर करण्याची रीत विसाव्या शतकाच्या आरंभापासूनची आहे. १९८०च्या दशकात, रुग्ण जागा ठेवून करायच्या शस्त्रक्रियांसाठी, भुवईच्या वर, कानशिलाशी, कानाच्या पुढे-मागे आणि डोक्याच्या मागच्या बाजूस ठरावीक नसांजवळ बधिर करणारे औषध टोचण्याची पद्धत, म्हणजेच स्काल्प ब्लॉक, मांडली गेली. डोके स्थिर ठेवणाऱ्या चौकटीचे टोकदार खिळे रुतवताना उसळणारा रक्तदाब ब्युपिव्हॅकेन या बधिर करणाऱ्या औषधाच्या ब्लॉकने आटोक्यात राहतो, हे १९९६ मध्ये दिसले. २००१ मधील एका अभ्यासात कातडी शिवून झाल्यावर रोपिव्हॅकेन या तशाच औषधाचा ब्लॉक दिला गेला आणि नंतरच्या दोन दिवसांत वेदना कमी राहिल्या.

ब्लॉक आधी द्यावा की शेवटी, हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही. आधी दिल्यास खिळे आणि छेद या दोहोंचा त्रास टळतो व भुलीची औषधे कमी लागतात. परंतु शस्त्रक्रिया सहा-सात तास लांबली, तर रुग्ण शुद्धीवर येण्याच्या सुमारास ब्लॉकचा असर ओसरू लागलेला असतो. हेतू नंतरच्या वेदनेचा असेल, तर शेवटी दिलेला ब्लॉकच अधिक सयुक्तिक ठरतो, असे या अभ्यासांवरून वाटते. मात्र तेव्हा कानापुढे दिलेले औषध चेहऱ्याच्या नसेपर्यंत पसरले, तर एका बाजूची पापणी मिटत नाही, तोंड वाकडे दिसते आणि रक्तस्रावाच्या शंकेने रुग्णाला थेट सीटी स्कॅनला न्यावे लागू शकते. दोन्ही वेळा ब्लॉक द्यायचा, तर एकूण मात्रेवर नजर ठेवावी लागते, कारण डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्या दाट असल्याने औषध रक्तात झपाट्याने उतरते.

२०२३ मधील तज्ज्ञांच्या शिफारशींत पॅरासिटामॉलसारख्या औषधांच्या जोडीला स्काल्प ब्लॉक किंवा छेदाच्या रेषेत भूल टोचणे, असे दोन्ही पर्याय मान्य झाले आहेत.