पिस्तुलाची दारू

पिस्तूल व रिव्हॉल्व्हर यांच्या काडतुसात गोळीला वेग देण्यासाठी भरलेले ज्वलनशील द्रव्य. आज ते जवळजवळ सर्वत्र नायट्रोसेल्युलोजपासून केलेले, धूर न करणारे असते. सोरा, गंधक व कोळसा यांची जुनी काळी दारू आतषबाजी आणि ठासणीच्या बंदुकांपुरती उरली आहे. झाडलेल्या काडतुसाच्या पितळी पुंगळीत नवी टोपी (आघाताने पेटून दारूला आग लावणारी), दारू व गोळी बसवून ती पुन्हा वापरण्याची रीत अमेरिका व युरोपातील नेमबाजांत रूढ असून सुरक्षित दारूच्या निवडीचा प्रश्न मुख्यतः त्या संदर्भात उद्भवतो.

भारतात दारू केव्हा आली, याबद्दल एकमत नाही. शुक्रनीती या संस्कृत राजनीतिग्रंथात ‘अग्निचूर्णा’ची म्हणजे दारूची कृती आहे : पाच पल (एक जुने वजन) सोरा, एक पल गंधक, आणि रुई, निवडुंग अशा झाडांचा, धूर कोंडून केलेला कोळसा. या उताऱ्याच्या आधारे गुस्टाव्ह ओपर्ट यांनी १८८० मध्ये प्राचीन भारतीयांना दारू व बंदुका ठाऊक होत्या, असे प्रतिपादन केले. पुढे अनेकांनी ते उचलून धरले. मात्र हा ग्रंथ, निदान त्याचा हा भाग, बराच उत्तरकालीन असावा असे भाषा व आशय या दोहोंवरून दिसते. लल्लनजी गोपाल यांनी १९६२ मध्ये तो थेट एकोणिसाव्या शतकात आणून ठेवला. चीनमध्ये दारूच्या लेखी कृती १०४४ मधील आहेत, आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात मंगोलांच्या संपर्कातून हे ज्ञान उत्तर भारतात उतरले, हे इक्तिदार आलम खान यांचे मत उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते. या वादात पुण्याचा वाटा मोलाचा आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी १४०० ते १९०० या काळातील भारतीय आतषबाजीचा इतिहास हस्तलिखितांवरून जुळवला. ओडिशाचा गजपती प्रतापरुद्रदेव याच्या नावावरील कौतुकचिंतामणी या ग्रंथातील कृती त्यांनी पुढे आणल्या. आधी हस्तलिखिताचा काळ पक्का करायचा आणि मगच दारूविषयी बोलायचे, ही त्यांची पद्धत ओपर्ट यांच्या पद्धतीहून निश्चित भरवशाची आहे.

मराठी साधनांत दारूच्या सुरक्षिततेचा सर्वांत नेमका विचार रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (इ. स. १७१५ च्या सुमारास) सापडतो. दारूखाना घराजवळ वा घराच्या वाऱ्याखाली नसावा, तळघरात गच (चुन्याची पक्की जमीन) करून त्यावर माच (लाकडी मांडणी) घालावा व माचावर दारूची मडकी ठेवावीत, सरदी लागू देऊ नये आणि आठपंधरा दिवसांनी हवालदाराने दारू बाहेर काढून तिला ऊन द्यावे, असा त्यातील उपदेश आहे. काळ्या दारूचा मुख्य शत्रू ओल. म्हणून हा सल्ला रास्त होता. आजच्या धूमहीन दारूला मात्र ऊन देणे घातक ठरते.

धूमहीन दारूचा आरंभ पॉल व्हिएय यांच्या १८८४ मधील फ्रेंच दारूपासून धरतात. १८८७ मध्ये नोबेल यांनी नायट्रोसेल्युलोजमध्ये नायट्रोग्लिसरीन मिसळून बॅलिस्टाइट केले, तर १८८९ मध्ये एबल व ड्यूअर यांनी कॉर्डाइट. नुसत्या नायट्रोसेल्युलोजच्या दारूला एकघटकी आणि नायट्रोग्लिसरीनयुक्त दारूला द्विघटकी म्हणता येईल. नायट्रोसेल्युलोज हळूहळू विघटित होत राहते, त्यातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड विघटन आणखी वाढवतात. त्यांना शोषण्यासाठी डायफिनिलअमाइन किंवा सेंट्रालाइट हे स्थिरक घालतात. उष्णतेने स्थिरक लवकर संपतो. मग डब्याला आंबूस वास येतो, तांबूस वाफ दिसते. अशी दारू वापरू नये.

निवडीतील खरी अडचण ज्वलनवेगाची आहे. पिस्तुलाची नळी आखूड, म्हणून दारू लवकर जळणारी लागते. पण धूमहीन दारूचा ज्वलनवेग दाबाबरोबर वाढतो आणि वाढलेला वेग दाब आणखी चढवतो. त्यामुळे थोड्या जास्त दारूचा परिणाम थोडा राहत नाही. ·३८ स्पेशल काडतुसाची पुंगळी काळ्या दारूच्या काळातील मापांतून आलेली, ऐसपैस आहे. तिच्यात लवकर जळणाऱ्या दारूची नेहमीची मात्रा तळाशी पडून राहते, आणि चुकून दुसऱ्यांदा मात्रा पडली तरी वरून लक्षात येत नाही. म्हणून नवख्याने फुगीर, अधिक जागा व्यापणारी दारू निवडावी, असे जाणकार सांगतात. दुप्पट मात्रा पडली की ती पुंगळीबाहेर सांडते. प्रस्तुत नोंदकाराच्या मते सर्व निकषांत हा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तो माणसाच्या लक्षावर कमीत कमी विसंबतो. १९०२ मधील ९ मिमी पॅराबेलम या पिस्तुलाच्या काडतुसाची पुंगळी उलट लहान आहे. तिच्यात गोळी किंचित अधिक खोल बसली तरी दाब झपाट्याने चढतो. अमेरिकी मानकानुसार ·३८ स्पेशलची कमाल दाबमर्यादा चौरस इंचास १७,००० पौंड, तर ९ मिमीची ३५,००० पौंड आहे. एका काडतुसाचे मात्रांचे कोष्टक दुसऱ्याला लावता येत नाही. अपुरी मात्राही धोक्याची असते. गोळी नळीत अडकते आणि पुढच्या बाराला नळी फुटू शकते. रंग वा कणांचा आकार पाहून दारू ओळखता येत नाही. दोन दारू मिसळू नयेत, बिननावाच्या डब्यातील दारू टाकून द्यावी, आणि मात्रा उत्पादकाच्या प्रसिद्ध कोष्टकातील किमान आकड्यापासून सुरू करावी.

पुण्यात काडतुसांचे उत्पादन खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. तो १८६९ चा. तेथील काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे असतात व न्यायवैद्यक अहवालांत ती वारंवार आढळतात. २०२१ पासून कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे असून कंपनीचे मुख्यालयही पुण्यातच आहे. प्रणोदकांवरील (गोळी वा अग्निबाणाला वेग देणाऱ्या द्रव्यांवरील) संशोधन सुतारवाडी-पाषाण परिसरातील उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेत चालते.

घरी काडतूस भरणे भारतात परवान्याशिवाय छंद म्हणून शक्य नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे गुन्हा आहे, आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग व तो बनवण्याची यंत्रेही येतात. शस्त्र बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस भरण्याचा परवाना नव्हे. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात सराव करणाऱ्या बहुतेक नेमबाजांना हा प्रश्न पडतही नाही : १० मीटरचे पिस्तूल हवेवर चालते, तर २५ मीटरच्या ऑलिंपिक प्रकारांतील ·२२ काडतुसात आघाताने पेटणारे द्रव्य वेगळ्या टोपीत नसून पुंगळीच्या काठातच भरलेले असल्याने ती पुन्हा भरता येत नाही.