सायटेशन्स मोजा, पण पेपरही उघडा

बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय असो, ताळगाव पठारावरचं विद्यापीठ असो की झुआरीनगरचा बिट्स कॅम्पस, शरीरक्रियाशास्त्रात किंवा मेंदूविज्ञानात काम करणाऱ्याची ओळख आता तीन आकड्यांत करून दिली जाते. पेपर (शोधनिबंध) किती, सायटेशन्स (म्हणजे इतरांच्या पेपरांत त्यांचे झालेले उल्लेख) किती, एच-इंडेक्स किती. पीएचडीसाठी गाईड शोधणारी मुलंही आधी तेच बघतात. बघावं जरूर, पण या आकड्यांत नेमकं काय मोजलं जातं, ते माहीत हवं.

एच-इंडेक्स सुचवला तो भौतिकशास्त्रज्ञ होर्खे हिर्श यांनी, २००५ साली. किमान तितकी सायटेशन्स मिळालेले निदान तितके पेपर, असा सर्वात मोठा आकडा म्हणजे एच-इंडेक्स. समजा एखाद्याच्या आठ पेपरांना १२०, ४५, १८, ९, ६, ५, २ आणि १ अशी सायटेशन्स आहेत. किमान पाच सायटेशन्स मिळालेले निदान पाच पेपर त्याच्याकडे आहेत. किमान सहा मिळालेले सहा मात्र नाहीत. म्हणून त्याचा एच-इंडेक्स ५. आता पहिल्या पेपरची १२० सायटेशन्स ९०० झाली, तरी एच-इंडेक्स ५च राहतो! एकच पण फार मोठं काम केलेल्या माणसावर हे माप अन्याय करतं, असं मला ठामपणे वाटतं.

बरं, सर्वाधिक सायटेशन्स म्हणजे सर्वात मोठा शोध, असंही नाही. ज्याला सर्वाधिक सायटेशन्स मिळाली असं मानलं जातं, तो १९५१ सालचा लाउरी आणि सहकाऱ्यांचा पेपर आहे प्रथिनं मोजण्याच्या एका पद्धतीवर. तीन लाखांहून अधिक वेळा त्याचा उल्लेख झाला, कारण जगभरच्या प्रयोगशाळांना ती पद्धत रोज लागायची.

याच्या उलट बाजूला ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ हॉजकिन आणि हक्सली. गोव्याच्या बाजारात जी माणकी (स्क्विड) मिळतात, त्याच कुळातल्या समुद्री जिवाच्या चेतातंतूवर त्यांनी काम केलं. हा तंतू सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असतो. माणसाचे जाडात जाड चेतातंतू याच्यापुढे कितीतरी बारीक, म्हणून याच्या आत विजेची तार घालून मोजमाप घेता आलं. सोडियमचे आयन आत शिरतात, मागोमाग पोटॅशियमचे बाहेर पडतात आणि त्यातून संदेश पुढे सरकतो. हे त्यांनी १९५२ सालच्या पेपरांत समीकरणांसकट मांडलं. समीकरणं सोडवायला हक्सलींजवळ होतं हाताने फिरवायचं गणनयंत्र. १९६३ साली दोघांना नोबेल मिळालं. आज ही गोष्ट इतकी मुरली आहे की पाठ्यपुस्तकातून शिकणारे आणि पुढे पेपर लिहिणारे बरेच जण मूळ पेपरचा उल्लेखही करत नाहीत. कामाचा वापर चालूच राहतो, मोजणीत मात्र तो येत नाही.

काळाचंही तसंच. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या लेखांना सरासरी किती सायटेशन्स मिळतात याचा आकडा, फक्त मागच्या दोन वर्षांतल्या लेखांवर ठरतो. कांदोळीत १७५६ साली जन्मलेले संमोहनाचे अभ्यासक आबे फारिया पॅरिसमध्ये सांगत होते, की संमोहनाची झोप तेव्हा मानल्या जाणाऱ्या कुठल्याही चुंबकी द्रवामुळे येत नाही, ती झोपणाऱ्याच्याच मनातून येते. त्यांचं पुस्तक १८१९ साली आलं आणि त्याच वर्षी ते गेले. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी या विचाराचं मोल मानलं ते कित्येक दशकांनंतर. दोन वर्षांच्या मोजपट्टीत फारिया कुठे बसले असते?

शिवाय विषय किती मोठा, यावरही आकडे ठरतात. अल्झायमरवर जगभर हजारो लोक लिहितात, म्हणून तिथे सायटेशन्स भराभर जमतात. समजा इथल्या कोणी डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यातल्या कामगारांच्या फुप्फुसांची क्षमता मोजली, तर उल्लेख थोडे होतील. पण त्या भागातल्या डॉक्टरला तो पेपर अल्झायमरच्या शंभर पेपरांपेक्षा जास्त कामाचा आहे. या दोन संशोधकांचे आकडे शेजारी ठेवून एकाला वरचा आणि दुसऱ्याला खालचा ठरवणं मला मुळीच पटत नाही.

आणखी एक अडचण आपल्याकडे फार. नाईक, गावकर, फर्नांडिस ही आडनावं किती जणांची! नुसत्या आद्याक्षराने शोधलं, तर एकाचे पेपर दुसऱ्याच्या खात्यात जातात. त्यासाठीच २०१२ पासून ऑर्किड हा संशोधकाची ओळख पटवणारा १६ अंकी क्रमांक मिळतो, फुकट. तरुण संशोधकांनी तो पहिल्याच पेपरच्या आधी घ्यावा. सायटेशन्स मोजणाऱ्या दोन संकेतस्थळांपैकी गूगल स्कॉलरवर एकाच माणसाची जास्त आणि स्कोपसवर कमी दिसली, तर त्यात लबाडी शोधू नये. दोघांची मोजणीच वेगळी आहे.

गाईड निवडणाऱ्या मुलांनी त्या व्यक्तीचे तीन-चार पेपर उघडावेत. त्यांचा उल्लेख करणारे पेपरही बघावेत. प्रस्तावनेत दहा नावांच्या घोळक्यात नाव आलंय, की कोणी ती पद्धत खरोखर वापरलीय? मग लेखकांची नावं बघा. या विषयांत सहसा शेवटचं नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं आणि पहिलं प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं असतं. त्या प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यांची नावं पहिल्या जागी येतात का, हे तिथे लगेच दिसतं.