थकवा की झिरपलेला आघात? मुलांच्या थेरपिस्टनं आधी काय ओळखावं

लहान मुलांसोबत काम करणारी थेरपिस्ट ‘मी पार गळून गेलेय’ म्हणाली की तिला ठरलेला सल्ला मिळतो: चार दिवस सुट्टी घे. पण या गळून जाण्यामागे दोन वेगळी दुखणी असतात. एकात सुट्टीनं थोडा दिलासा मिळतो. दुसऱ्यात त्रास वाढूही शकतो, कारण हाताला काम नसलं की नको ती दृश्यं डोळ्यांसमोर यायला रान मोकळं होतं.

पहिलं बर्नआउट. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली हा शब्द मानसशास्त्रात आणला. पुढे क्रिस्टिना मास्लॅक यांनी त्याची तीन अंगं मांडली: भावनिक थकवा, माणसांबद्दल येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीमध्ये त्याची नोंद आजार म्हणून नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून आहे. म्हणजे दोष शोधायचा तो आधी कामाच्या रचनेत.

दुसरं म्हणजे दुय्यम आघात. मुलावर जे गुदरलं ते ऐकता-बघता आपल्यालाच आघाताची लक्षणं दिसू लागतात: दचकणं, वाईट स्वप्नं, स्वतःच्या मुलीला शेजारी खेळायला पाठवतानाही पोटात गोळा येणं. बर्नआउट महिनोन्‌महिने साचत जातं. हा मात्र एका सेशनमधूनही आत शिरू शकतो.

फरक ओळखायला स्वतःला एकच प्रश्न विचारा: ‘कोणतं मूल?’ उत्तरात अख्खा आठवडा आला, तुंबलेल्या नोट्स, पालकांचे रात्रीचे मेसेज, सेशन रद्द झाल्यावर वाटलेलं हायसं, तर बहुधा बर्नआउट. आणि एकच चेहरा समोर आला, वाळूच्या ट्रेमध्ये बाहुली पुरून वर हळूहळू थापट्या मारणारी मुलगी, तर बहुधा दुय्यम आघात. काटेकोर पाहायचं असेल तर प्रोक्यूओएल ही तीस प्रश्नांची प्रश्नावली गेल्या तीस दिवसांबद्दल विचारते आणि दोन्हींचे गुण वेगवेगळे देते. दर तीन महिन्यांनी ती भरावी. तिच्यावरून निदान होत नाही, पण कल कळतो.

बर्नआउटसाठी आधी मिनिटं मोजा. ४५ मिनिटांचं सेशन, १५ मिनिटं नोट्स, पालक किंवा शाळेशी बोलणं सरासरी १५, असे एका मुलामागे ७५ मिनिटं जातात. दिवसाला सहा मुलं म्हणजे साडेसात तास, तेही जेवण आणि खोली आवरणं न धरता. डायरीत मात्र ‘सहा सेशन’ एवढंच दिसतं, आणि संस्थेला वाटतं की अजून एक बसेल. चार-पाचवर थांबा, नोट्ससाठी वेळ डायरीतच राखून ठेवा, पालकांच्या मेसेजना उत्तर द्यायची वेळ पहिल्याच भेटीत सांगा. योगवर्ग किंवा फुलदाणी देऊन हे गणित बदलत नाही.

दुय्यम आघाताला मुलांच्या कामात अधिक वाव असतो. मोठी माणसं शब्दांत सांगतात, मूल खेळातून दाखवतं, आणि त्या वेळी दुसरी बाहुली आपल्याच हातात असते. शिवाय त्याची गोष्ट अर्धवट असते. उरलेल्या जागा आपलं मन भरतं, आणि रात्री छळतं ते बहुतेक हे आपण रंगवलेलं चित्र. म्हणून नोट्समध्ये मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा आणि तिथेच थांबा, प्रसंग मनात पूर्ण करू नका. मूल गेल्यावर खेळणी स्वतःच्या हातानं जागेवर ठेवा, खिडकी उघडा, हात धुवा, दहा मिनिटं जाऊ द्या. अशा दोन केसेस लागोपाठ नकोत, आणि दिवसाच्या शेवटी तर नकोच.

सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी थेरपिस्टसोबत आपल्या केसेसवर बोलायच्या बैठकीत, ‘या आठवड्यात जड गेलं’ असं मोघम बोलून भागत नाही. तो एकच प्रसंग घ्या. आधी विचारा, ‘एक अवघड गोष्ट सांगू का?’ मग पुढे काय करायचं हे ठरवायला लागेल तेवढंच सांगा. अंगावर येणारा तपशील टाळा, नाहीतर तो ऐकणाऱ्यातही झिरपतो. पॉक्सो या मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावं लागलं असेल, तर ‘मुलाचा विश्वास मोडला’ ही बोचही याच बैठकीत बोलायची.

सगळ्यात घातक चूक सेशनमध्येच होते. मूल त्या विषयाजवळ येतं आणि थेरपिस्ट नकळत खडूंचा डबा पुढे सरकवते. मूल समजून जातं की हे या ताईंना झेपत नाही, आणि गप्प होतं. असं दोनदा झालं तर पुढच्या सेशनआधीच सुपरवायझरला फोन करा. लक्षणं महिनाभराहून जास्त टिकली तर सुपरव्हिजन पुरत नाही. आघातावर काम करणारा स्वतःचा वेगळा थेरपिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा.

दोन्ही एकत्र असतील तर सुरुवात आघातापासून करा, आणि तोवर नवी केस घेऊ नका.